रीफ टँकचा दिवा बदलताना : १२० × ६० × ५५ सेंमी, टी-५ वरून एलईडी + टी-५

४ जानेवारी २०२५. जुन्या दिव्याची मोजणी

हा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक. पाण्याची खोली ५० सेंमी. खडक, वाळू वजा करून आणि सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून एकूण पाणी सुमारे ३८० लिटर. वर ५४ वॅटच्या सहा टी-५ (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब, १४ महिने जुन्या. त्या दहा तास एकदम चालू असतात आणि एकदम बंद होतात.

नवीन दिवा बसवायच्या आधी जुन्याचा नकाशा हवाच. प्रवाळांना आजवर किती उजेडाची सवय आहे हे कळल्याशिवाय नवा किती द्यायचा हे ठरवता येत नाही. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि जुना दिवा उतरवल्यावर ती मागे जाऊन करता येत नाही.

मीटर : पाण्याखाली चालणारा अपोजी एमक्यू-५१०. पाण्यात बुडाल्यावर सेन्सरचा आकडा कमी येतो. ती दुरुस्ती या मीटरमध्ये आतच धरलेली आहे. साध्या क्वांटम मीटरला ती हाताने करावी लागते. मोबाइलचे लक्स अ‍ॅप या कामाला निरुपयोगी. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे : ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला जेमतेम ४ टक्के. रीफच्या दिव्यात भरणा नेमका त्या निळ्याचाच असतो.

पद्धत : लांबीत पाच जागा (डावीकडून १०, ३०, ६०, ९०, ११० सेंमी), रुंदीत तीन (१०, ३०, ५०), खोलीत तीन (१०, २५, ४२). एकूण ४५ वाचने. सेन्सर अ‍ॅक्रिलिकच्या दांड्यावर, तोंड सरळ वर. मोजताना वेव्ह पंप बंद. पंप चालू असला की लाटांची भिंगे होतात आणि आकडा दर सेकंदाला नाचतो.

ठळक आकडे (मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, पुढे सगळीकडे नुसते 'पार', म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला वापरता येणारा उजेड) :
- वरच्या खडकावर, १० सेंमी खोल, मध्ये : २१०
- मधल्या कपारीत, २५ सेंमी : १२०
- वाळूवर, ४२ सेंमी, मध्ये : ५८
- वाळूचे कोपरे : ३५ ते ४०

दिवसाची मात्रा काढून ठेवली. २१० × ३६,००० सेकंद = ७५.६ लाख मायक्रोमोल, म्हणजे ७.५६ मोल. हा आकडा पुढे लागेल.

५ जानेवारी. काय घ्यायचे

वॅट आणि केल्विन या दोन आकड्यांवर दिवा निवडू नये. वॅट म्हणजे भिंतीतून किती वीज ओढली ते. केल्विन म्हणजे डोळ्याला रंग कसा दिसला ते. १४,००० आणि २०,००० केल्विन लिहिलेले दोन दिवे प्रवाळाच्या दृष्टीने सारखे असू शकतात. बघायचे ते तरंगलांबीचे प्रमाण आणि प्रकाशाचा पसारा.

प्रवाळाच्या पेशीत राहणारी शैवाले, म्हणजे झूझँथेली, हरितद्रव्य ए, हरितद्रव्य सी-२ आणि पेरिडिनिन यांच्या जोरावर मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतात. म्हणून एलईडीत रॉयल ब्लू (४५०) आणि ब्लू (४७०) यांचा भरणा हवा, सोबत व्हायोलेट (४१० ते ४२०). पांढरा लागतो तो बघणाऱ्यासाठी. लाल-हिरवा चिमूटभर, मासे मेलेल्यासारखे दिसू नयेत इतकाच.

एक गैरसमज इथेच मोडावा. टँकच्या तळाशी उजेड कमी पडतो तो 'पाणी प्रकाश पिते' म्हणून, असे सर्रास म्हणतात. स्वच्छ पाण्याच्या अर्ध्या मीटरमध्ये ४५० नॅनोमीटरचा निळा एक टक्काही कमी होत नाही. ६६० चा लाल मात्र सुमारे पाचवा भाग गमावतो. तळाला पार घटतो तो मुख्यतः किरण पसरल्यामुळे. पाणी पिवळे असेल तर गोष्ट वेगळी (१४ फेब्रुवारी पाहा).

निवड : १६० वॅटचे दोन एलईडी, ९० अंशांच्या लेन्सचे, आणि त्यांच्या पुढे-मागे ५४ वॅटची एकेक टी-५ ट्यूब. नुसते एलईडी का नाहीत? एलईडीचा उजेड दोन बिंदूंतून येतो. फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाची वरची फांदी खालचीवर धारदार सावली टाकते आणि वर्षभरात वसाहतीचा बुडखा उघडा पडतो. ट्यूब लांबलचक असल्याने तिची सावली बोथट असते. दोन ट्यूबचा पार फार नाही, पण तो नेमका सावलीत पोचतो. ट्यूब दरवर्षी बदलायची कटकट यात आलीच; ती मान्य करून घेतलेला निर्णय आहे.

११ जानेवारी. सांगाडा आणि वायरिंग

२० × ४० मिमी अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा आयत, छतातून चार स्टील वायरींवर टांगलेला, उंची वरखाली करता येईल असा. बोल्ट एम-५, ३१६ ग्रेडचे. ३०४ ला खाऱ्या वाफेत काही महिन्यांत तांबूस ठिपके येतात आणि तो गंज ठिबकून थेट पाण्यात जातो.

एलईडीचे ड्रायव्हर आणि टी-५ चा बॅलास्ट (दोन्ही करंट सांभाळणारे डबे) सम्पच्या वर ठेवायचे नाहीत. बाजूच्या कोरड्या कप्प्यात, खालून हवा लागेल असे बसवले. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवला. पाणी वायरवरून ओघळलेच तर झोळाच्या टोकाशी ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही. सगळी लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवर). त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचे.

टायमरबद्दल. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. स्वस्त प्लग-टायमरचे रिले-संपर्क त्या झटक्याने चिकटून बसतात आणि दिवा रात्रभर चालू राहतो. म्हणून एलईडीला कायम वीज दिली आहे, उजेडाचे वेळापत्रक त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये. टी-५ साठी १६ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा दणकट स्विच) आणि टायमर फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो.

१८ जानेवारी. उंची ठरवणे

एलईडी डावीकडून ३० आणि ९० सेंमीवर. सगळे चॅनल कामाच्या प्रमाणात लावले (रॉयल ब्लू १००, ब्लू ९०, व्हायोलेट ८०, पांढरा २५, लाल ५, हिरवा ५ टक्के) आणि मास्टर (सगळे चॅनल एकत्र कमी-जास्त करणारे नियंत्रण) पूर्ण. ट्यूब बंद. टँकच्या काचांवर बाहेरून काळे कापड. पूर्ण ताकदीचा उजेड प्रवाळांवर एकेका उंचीला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवला नाही.

पाण्यापासून २५ सेंमी उंच : दिव्याच्या थेट खाली, १० सेंमी खोल ६१०. दोन दिव्यांच्या मध्ये ३९०. वाळूच्या कोपऱ्यात ६०.
३० सेंमी उंच : ४८०, ३७०, ७४.

वर नेले की भडक ठिकाण शांत होते आणि कोपरे उजळतात. आणखी वर जाता आले असते, पण मग उजेड काचेबाहेर सांडतो आणि समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ३० सेंमी कायम.

चॅनलचे प्रमाण इथून पुढे गोठवले. बदलायचा तो फक्त मास्टर. 'आज जरा निळा वाढवून बघू' असे केले की ४५ वाचनांचा नकाशा रद्दी होतो.

दोन टी-५ ट्यूबचा वेगळा हिशेब : वरच्या खडकावर ६० पार. ट्यूब नव्या असल्याने आधी १०० तास टँकपासून दूर जाळून घेतल्या होत्या. कोऱ्या ट्यूबचा सुरुवातीचा जोर त्यात उतरतो.

१९ जानेवारी. सुरुवात

वेळापत्रक : एलईडी २ तास चढता, ६ तास स्थिर, २ तास उतरता. ट्यूब फक्त मधले ६ तास. रात्री चंद्रप्रकाश वगैरे काही नाही, पूर्ण अंधार.

दुपारचा पार, वरच्या खडकावर : १५०. जुन्या २१० च्या साधारण ७० टक्के. मात्रेत मोजले तर कपात याहून मोठी आहे. सरळ चढ-उताराचे ४ तास म्हणजे पूर्ण उजेडाचे २ तास, म्हणून एलईडीचे ८ तास धरायचे : ९० × २८,८०० = २.५९ मोल. ट्यूबचे ६० × २१,६०० = १.३० मोल. बेरीज ३.८९, म्हणजे आधीच्या निम्मी.

इतके कमी मुद्दाम. उजेड कमी पडला तर प्रवाळ तपकिरी होते, झोअँथिडच्या (बटणांसारख्या मऊ प्रवाळाच्या) माना लांबतात, वाढ मंदावते. यातले सगळे महिन्याभरात भरून येते. उजेड अचानक वाढला तर झूझँथेलीतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा गुदमरते, घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि प्रवाळ आपली शैवालेच बाहेर टाकते. तीन दिवसांत पांढरे. ते सावरायला महिने लागतात, आणि सावरेलच असेही नाही.

लक्ष्य : वर ३२०. वाढ दर रविवारी दहा टक्के, म्हणजे आठ पायऱ्या. मास्टरचे टक्के आणि पार सरळ प्रमाणात चालत नाहीत, खालच्या टोकाला तर मुळीच नाही. त्यामुळे प्रत्येक पायरी मीटर लावून.

९ फेब्रुवारी

१५० → १६५ → १८२ → २००. वाळूवर ७०. तक्रार नाही. माँटिपोराची (थाळीसारख्या प्रवाळाची) कड फिकट क्रीम रंगाची, ती वाढीची कड आहे.

१४ फेब्रुवारी. कार्बन

मास्टरला हात लावलेला नाही. तरी वाळूवरची ट्रॅकिफिलिया, एक मांसल प्रवाळ, दोन दिवसांपासून आकसलेली. एरवी दुपारी ती फुगून तळहाताएवढी होते आणि खालचा सांगाडा झाकून टाकते. आज सांगाड्याच्या कडा कातडीतून टोकदार वर आलेल्या दिसतात, घड्यांच्या माथ्यावरचा लाल रंग विटून गुलाबी झालेला. तोंडाजवळचा हिरवा मात्र शाबूत, खालच्या बाजूचाही. म्हणजे रोग नाही. वरून आलेली गोष्ट आहे.

वाचन : वाळूवर ७० होते, आज ८४. वर २०० होते, आज २०९.

कारण : १० तारखेला सम्पमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बदलला, तोही दोन महिन्यांनी आणि पूर्ण मात्रेत. पाण्यात साचलेली पिवळट सेंद्रिय द्रव्ये निळा-जांभळा उजेड शोषतात. ती निघाली, पाणी लख्ख झाले, उजेड खाली पोचला. वरचे प्रवाळ फक्त १० सेंमी पाण्याखाली आहे, त्याला साडेचार टक्के फरक पडला. तळच्याला ४२ सेंमीचा, वीस टक्के. जुन्या ट्यूबखाली या जागेला ५८ ची सवय होती. त्या मानाने आज ४५ टक्के जास्त. मीटर फक्त वरच्या खडकावर लावला असता तर हे सापडलेच नसते.

उपाय : मास्टर कमी करून सगळीकडे पार १५ टक्के खाली. ट्रॅकिफिलिया जागेवरून हलवली नाही. हलवणे हा आणखी एक धक्का. चढण १ मार्चपर्यंत स्थगित. कार्बन यापुढे दर तीन आठवड्यांनी, एका वेळी तिसरा हिस्सा, म्हणजे पाणी पिवळे व्हायलाच नको.

२ मार्च

ट्रॅकिफिलिया फुगली, रंग परत येतोय. वर पुन्हा २०० केले. यापुढे प्रत्येक पायरीला दोन वाचने : वरचा खडक आणि वाळू.

२६ मार्च. अल्कॅलिनिटी घसरली

दुपारचा पार २६६. तीन दिवसांत अल्कॅलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात) ८.२ वरून ७.० डीकेएच. डोसिंग पंप तपासला, नळी तपासली, दोन्ही ठीक. बिघाड कुठेच नाही, खप वाढला आहे. उजेडाने प्रकाशसंश्लेषण वाढते, त्याबरोबर सांगाडा घडवण्याचा वेग वाढतो, आणि सांगाड्याला कार्बोनेट लागते. जानेवारीत रोजचा खप ०.६ होता, आता १.०.

हिशेब : ३८० लिटरला १ डीकेएच चढवायला सोडियम कार्बोनेट ७.२ ग्रॅम. रोजची ०.४ ची तूट, म्हणजे २.९ ग्रॅम जादा. सोबत कॅल्शियम रोज २.९ मिग्रॅ प्रति लिटर, त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ४ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कप्प्यांत. एकत्र पडले की जागीच पांढरा साका.

झालेली १.२ ची घट एका दिवसात भरली नाही. रोज ०.३ प्रमाणे चार दिवस.

दिवा बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी 'प्रवाळ उगाच मरायला लागले' अशी जी तक्रार असते, तिच्या मुळाशी बरेचदा हे असते. दोष दिव्याला दिला जातो, उजेड घाईने कमी केला जातो, आणि अल्कॅलिनिटी तिसरीकडेच वाहत जाते. उजेड वाढवण्याच्या काळात अल्कॅलिनिटी रोज, ठरलेल्या एकाच वेळी मोजावी.

६ एप्रिल

३२०. एलईडीचा वाटा २६०, ट्यूबचा ६०. मात्रा ७.४९ + १.३० = ८.७९ मोल. गंमत अशी की दुपारचा पार निम्म्याहून जास्त वाढला, दिवसाची मात्रा मात्र जुन्यापेक्षा फक्त १६ टक्क्यांनी. चढ-उतारात ती फिटते.

२० एप्रिल. पांढरी टोके

अ‍ॅक्रोपोराच्या टोकांना पांढरे आले की दोन अर्थ निघतात आणि ते उलटे आहेत. भिंग लावून पाहावे. वाढीचे टोक : मध्ये एक गोल कप, त्यात पॉलिप, वर पातळ पारदर्शक कातडी, टोक गुळगुळीत आणि किंचित निळसर. इथे शैवाले अजून पोचलेली नसतात म्हणून रंग नाही. जळलेले टोक : कातडीच नाही, खडूसारखा कोरडा सांगाडा, कड तुटक, चार-पाच दिवसांत त्यावर हिरवट बुरशीसारखा थर. जळणे बहुधा तेव्हा होते जेव्हा अल्कॅलिनिटी १० च्या वर आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असते. इथे अल्कॅलिनिटी ८.१, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ मिग्रॅ प्रति लिटर. सगळी टोके वाढीची.

आज स्प्लॅश गार्डही मोजला. पुसण्याआधी वर २९२, पुसल्यावर ३१८. शिंतोडे वाळून राहिलेल्या मिठाने दोन आठवड्यांत आठ टक्के उजेड अडवला. गार्ड अ‍ॅक्रिलिकचा आहे : दिवा बंद करून अर्धा तास थंड होऊ द्यायचा, आरओ पाण्याने ओले केलेले मायक्रोफायबर आधी नुसते ठेवून मीठ विरघळवायचे, मग पुसायचे. कोरडे घासले तर मिठाचे कण ओरखडे पाडतात. पांढरा चुना बसला असेल तर व्हिनेगर आणि आरओ पाणी समसमान, नंतर नुसत्या पाण्याने. स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा अ‍ॅक्रिलिकला लावू नये, बारीक जाळीदार तडे जातात. आणि दोन आठवड्यांच्या वर लांबवू नये; दोन महिन्यांचे मीठ एका दिवशी पुसणे म्हणजे १४ फेब्रुवारीचाच प्रकार.

१८ मे. डावा दिवा मंद

महिन्याचे ठरलेले वाचन, दोन्ही दिव्यांखाली सारखीच जागा : उजवीकडे ३१८, डावीकडे २५१. डोळ्याला काहीही फरक दिसत नव्हता. अ‍ॅक्रिलिक आदल्या दिवशीच पुसलेले.

डाव्या दिव्याच्या पाठीला हात लावता येईना इतकी उष्ण. पंखा फिरत होता, पण सुस्त, आणि बंद करून पात्याला बोटाने ढकलले तर अर्ध्या फेरीत थांबत होता. उजवीकडचा तीन-चार फेऱ्या घेतो. हीटसिंकच्या फटींत धूळ आणि मीठ मिळून नमद्यासारखा थर. वेव्ह पंपाचा झोत डाव्या बाजूलाच पृष्ठभाग फोडतो, शिंतोड्यांचा धुरळा तिकडे जास्त. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की कंट्रोलर एलईडीचा करंट आपोआप कमी करतो. म्हणून दिवा जळाला नाही, नुसता मंदावला.

दुरुस्ती : वीज काढून थंड होऊ दिला. मऊ ब्रशने फटी मोकळ्या केल्या, मग हवेचा फवारा. फवारताना पाते बोटाने धरून ठेवायचे. सुटे ठेवले तर ते भन्नाट फिरते, बेअरिंग जाते आणि पंखाच उलटी वीज तयार करून सर्किटात ढकलतो. बेअरिंग आधीच खरखरत होते, म्हणून पंखा बदलला : ८० मिमी, १२ व्होल्ट, तेवढाच करंट. हवेच्या दिशेचा बाण जुन्यासारखाच आहे हे पाहून बसवला. उलटा बसला तर आवाज तोच येतो आणि काम होत नाही.

बसवल्यावर डावा मास्टर सरळ जुन्या आकड्यावर नेला नाही. ही घट किती दिवस चालू होती माहीत नाही, महिन्याभराची धरून चालायचे. २५१ पासून पुन्हा दर आठवड्याला दहा टक्के : २७६, ३०४, मग ३२०. वेव्ह पंप दहा सेंमी खाली उतरवला आणि त्याचे तोंड थोडे वळवले.

८ जून

डावीकडे ३२०, उजवीकडे ३१७. वाळूवर १०४. ट्रॅकिफिलिया या जागेत आता ठीक आहे, पण वरची माँटिपोराची थाळी पुढे सरकून तिच्यावर सावली धरू लागली आहे. पुढच्या छाटणीत कड ३ सेंमी मागे.

टी-५ च्या टोकांना अजून काळेपणा नाही. डोळ्याला ठीक दिसल्या तरी वर्षाने त्या बदलायच्या, आणि एकदम दोन्ही नाही : आधी पुढची, दोन आठवड्यांनी मागची. टी-५ सर्वाधिक उजेड देते ती भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना, त्यामुळे उन्हाळ्यात लावलेला टेबल-पंखा थेट ट्यूबवर मारायचा नाही, पाण्यावर मारायचा. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो; त्या फोडायच्या नाहीत, ई-कचऱ्यात द्यायच्या. दोन्हींच्या टोकाच्या टोपीवर मार्करने लिहिले आहे : १९-१-२५.